मल्लिनाथ सेक्रेटरीचा दुमजली केक

सासुरवाडीच्या पंगतीत जावयानं तोंड फक्त घासापुरतं उघडावं, असं जुनी माणसं सांगून गेलीत. का, ते सांगून गेली नाहीत. जांभळगावच्या मल्लिनाथ सेक्रेटरीला ते त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, दुष्काळ ऐन भरात असताना, सोलापुरात साडूच्या घरी समजलं. आणि समजलं तोवर शब्द तोंडातून निघून गेलेला होता.

साडू म्हणजे महारुद्रप्पा. गिरणीच्या ऑफिसात कामाला, डोक्याला वासाचं तेल, बोलताना मनगटावरचं घड्याळ समोरच्याच्या नाकाशी नाचवायची सवय. त्याच्या पोराचा वाढदिवस होता आणि टेबलावर बेकरीतून आणलेला गुलाबी केक होता. सासूबाई तुळजाबाई पडल्या कडक लिंगायत. गळ्यात लिंग, आणि अंड्याचं नाव निघालं तरी चूळ भरणाऱ्या. त्यांनी केकाकडं पाठ केली आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. "शिवा शिवा! त्याच्यात काय काय घालत्यात, मला ठावं न्हाय व्हय?"

महारुद्रप्पाला ते लागलं. सासूवर राग काढायची सोय नसते, म्हणून त्यानं तो साडूवर काढला. "अव्वा, तुमी आता मल्लिनाथरावांच्या घरच्या वाढदिवसालाच जावा. तिकडं मिलोच्या भाकरीवर मेणबत्ती लावून देतील तुमाला."

मिलो म्हणजे त्या साली रेशनवर मिळणारी अमेरिकेची तांबडी ज्वारी. माणसं ती खात होती, पण तिचं नाव चारचौघांत काढत नव्हती. पंगत हसली. नुसती पंगत हसली असती तर मल्लिनाथनं सोसलं असतं. पण त्याची बायको शिवकांता, पदराआड का होईना, हसली. तिथं घात झाला.

"माझ्या महानंदेला मिरगात दोन वर्षं व्हतील," मल्लिनाथ ताटावरनं म्हणाला. "त्या दिशी माझ्या घरात केक कापला जाईल. बेकरीचा न्हाय, घरचा. माझ्या हाताचा. बिनअंड्याचा. अन् अव्वा सोता तो खातील."

"किती मजली?" महारुद्रप्पानं घड्याळ नाचवत विचारलं.

"दुमजली," मल्लिनाथ म्हणाला.

आता, या गृहस्थानं तोवर आयुष्यात चहासुद्धा स्वतः केलेला नव्हता. परतीच्या एस.टी.त नळदुर्ग मागं पडल्यावर शिवकांतेनं खिडकीबाहेर बघत विचारलं, "तुमाला स्टो पेटवता येतो का?"

"सोसायटीच्या सेक्रेटरीला समदं येतं," मल्लिनाथ म्हणाला.

जांभळगाव उमरग्याच्या अलीकडं, हैदराबादच्या हमरस्त्याला लागून. गावात बातमी माणसाच्या आधी पोचते, त्यामुळं मल्लिनाथ घरी पोचून पाय धुतो न धुतो तोच शेजारची जाईबाई ओट्यावर हजर. सत्तरीची बाई, दात चार, सल्ले हजार. "केक म्हंजे रं काय मल्लिनाथा? धपाटंच की! वरून साखर टाकायची. थाप एक, म्या दाखवते."

"जाईमावशी, केक थापत न्हाईत."

"मग काय लाटत्यात?"

मल्लिनाथला तेही माहीत नव्हतं. गावात केक या वस्तूशी ओळख असलेला माणूस एकच होता: लिंबाजी. बुद्धवाड्यातलं पहिलं घर त्याचं. पलटणीत साहेब लोकांच्या मेसात अठरा वर्षं स्वयंपाक करून पेन्शनीत निघालेला. त्याच्या ओसरीवर खुंटीला पांढराशुभ्र एप्रन टांगलेला असे, आणि त्याला हात लावायची त्याच्या बायकोचीही छाती नव्हती. मल्लिनाथनं हकिगत सांगितली तेव्हा लिंबाजीनं आधी मिशीला पीळ दिला, मग एप्रन काढून अंगात घातला आणि मगच तोंड उघडलं.

"अण्णा, कर्नलसाहेबाच्या लेकीच्या लग्नाला म्या पाच मजली केलाय. दोन मजले म्हंजे आपल्याला ओसरी. माप लिवून घ्या. मैदा तीस शेर, साखर वीस शेर, अंडी तीनशे."

"तीनशे? माणसं किती?"

"एकशेवीस जवान. त्याच्या खालचं माप आपल्याला येत न्हाय."

"अन् अंडी चालत न्हाईत, लिंबाजी. एकबी न्हाय."

लिंबाजीनं मान खाली घातली. दुखवटा पाळावा तशी. मग म्हणाला, "बिनअंड्याचा केक म्हंजे बिनबंदुकीची पलटण, अण्णा. पर परेड तर व्हती की बिनबंदुकीची! आंबट ताक आना, खायचा सोडा आना. बघू."

एकशेवीस माणसांचा हिशेब वीस माणसांवर आणण्याचं काम मल्लिनाथनं स्वतःकडं घेतलं, कारण सेक्रेटरीला तेवढं तरी यायला पाहिजे. त्यानं प्रत्येक जिन्नसाला सहानं भागलं. फक्त सोड्याच्या ओळीला येईतो जाईबाईनं चुना मागितला आणि ती ओळ तशीच राहिली. पण हे पुढचं.

भट्टीची अडचण नव्हती. गावात त्या साली एकच वस्तू मुबलक होती, ती वाळू. जिथं नदी होती तिथं आता नुसती वाळूच होती. मोठ्या पातेल्यात ती भरायची, कोळशाच्या शेगडीवर तापवायची, त्यात केकाचं भांडं बसवायचं, वर झाकण आणि झाकणावर निखारे. पहिला केक मल्लिनाथ ताकात सोडा घालायलाच विसरला. तो फुगला नाही. जाईबाईनं तो नेऊन रांजणाखाली अडणी म्हणून ठेवला. रांजण पुढं फुटला, पण केक अजून शाबूत आहे असं सांगतात. दुसऱ्यात मल्लिनाथनं सोडा आठवणीनं घातला, न भागता. पंधराव्या मिनिटाला झाकण निखाऱ्यांसकट उडालं. शेजारच्या सोसायटीच्या ऑफिसच्या कौलात जे भोक आहे ते वानरांनी पाडलं असं नवीन पोरं समजतात. जाणत्यांना खरं ठाऊक आहे.

"तोफखान्यात असतो तर बक्षीस मिळालं असतं," लिंबाजी म्हणाला.

दोन केकांत घरातली रेशनची साखर संपली. शेजारच्या घरांतून वाटीवाटीनं आणलेलीही संपली. जास्तीची पाहिजे तर तालुक्याच्या कचेरीचा परवाना लागे. मल्लिनाथ टोपी झटकून कचेरीत गेला. साखरेच्या टेबलामागं श्रीपतराव कारकून होते. डुलकी घेत असतानासुद्धा माणसाकडं संशयानं बघता येणं ही त्यांची खासियत.

"कारण?" श्रीपतरावांनी फॉर्म ओढला.

"पोरीचा वाढदिवस."

"असं कारण न्हाय."

"म्हंजे?"

"फारमात न्हाय. लग्न हाय, मौत हाय. माणूस लग्न करतं, माणूस मरतं. मधी ते वाढतं, ह्याची सरकारला खबर न्हाय."

"मग हातानं लिवा की खाली."

"हातानं लिवायचं तर उस्मानाबादहून मंजुरी लागती. दरखास्त जाईल, साहेब दौऱ्यावर असतील, परत यील. दिवाळीला घाला वाढदिवस." श्रीपतरावांनी टाक शाईत बुडवला. "मौत लिवू?"

"शिवा शिवा! आवो, लेकरू हाय घरात!"

"मग लग्न. नवरीचं नाव?"

मल्लिनाथनं इकडं तिकडं बघितलं. मागं अठ्ठावीस माणसं रांगेत होती आणि त्यांतल्या निम्म्यांनी, मौतीचं कारण दाखवायला, डोक्याला फडकी बांधलेली होती. त्यानं आवाज खाली आणला. "महानंदा."

"वय?"

"दोन."

श्रीपतरावांनी पापणी न हलवता लिहिलं: २. "नवरदेव?"

"नवरदेव कुठून आनू?"

"रकाना मोकळा ठेवता येत न्हाय." आणि त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'ठरायचा आहे'.

मल्लिनाथ स्वतः सहकारातला माणूस. फॉर्म कुणी वाचत नसतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण परवान्यांची यादी कचेरीच्या फळ्यावर लागते, आणि त्या साली साखरेची यादी हा तालुक्यात सगळ्यात जास्त वाचला जाणारा मजकूर होता, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. चौथ्या दिवशी मुरूमकडचे एक पागोटेवाले गृहस्थ ओट्यावर येऊन बसले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "आमचा नातू चार वर्सांचा हाय. अंगानं भरल्याला हाय. तुमचं अजून ठरलं नसंल तर बघा."

उन्हानं डोकं फिरलेली माणसं तेव्हा पुष्कळ हिंडत होती. मल्लिनाथनं त्यांना आणखी एक पेलाभर पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तिसरा केक भाजला, आणि सांगायला हरकत नाही, तो उत्तम झाला. खालचा मजला परातीएवढा, वरचा तांब्याच्या कळशीच्या तोंडाएवढा. लिंबाजीनं पिठीसाखर आणि वनस्पती तूप फेसून त्याला पांढरा गिलावा दिला. कागदाच्या सुरळीतून कडेनं वेलबुट्टी काढली. वर काय ठेवायचं ते त्यानं आधीच करून आणलेलं होतं. पिठीसाखरेत डिंकाचं पाणी घालून मळलेलं आणि एक दिवस सावलीत वाळवलेलं. त्यानं पेटीतून ते काढलं आणि वरच्या मजल्यावर रोवलं. बोटभर उंचीचा नवरदेव, बोटभर उंचीची नवरी.

मल्लिनाथनं कपाळावर हात मारला. "आरं, वाढदिवस हाय लिंबाजी! लग्न न्हाय!"

"अण्णा, वर जोडा असतो. कर्नलसाहेबाच्या लेकीच्या..."

"त्या लेकीचं लग्न व्हतं!"

"आपल्याला त्येवढंच येतं," लिंबाजी म्हणाला, आणि एप्रन काढायला लागला. एप्रन काढलेला लिंबाजी परत घालत नसे. मल्लिनाथनं हात जोडले. जोडा वरच राहिला.

सकाळी आठलाच ऊन असं पेटलं की वनस्पती तुपाची वेलबुट्टी घामेजून खाली सरकू लागली. नवरीचा तोल गेला आणि ती नवरदेवाच्या खांद्यावर टेकली. ओलं पोतं झालं, विंझणा झाला, जाईबाईची फुंकर झाली. "इहिरीत सोडा की," जाईबाईच म्हणाली. "आत गार असतंय. पानी तर न्हायच."

हा सल्ला खरोखर शहाणपणाचा होता, आणि म्हणूनच मल्लिनाथनं सावध व्हायला पाहिजे होतं. गावची विहीर फाल्गुनापासून कोरडी ठाक. आतला गारवा देवळातल्यासारखा. मोठ्या पाटीत केक ठेवला, चारी बाजूंनी सोल, म्हणजे विहिरीचा जाड दोर, बांधला आणि लिंबाजीनं 'आहिस्ता, आहिस्ता' म्हणत पाटी तळाशी सोडली. ऐनवेळी वर काढून थेट सासूबाईंपुढं ठेवायचा, असा बेत ठरला.

गावाला पाण्याचा टँकर दर गुरुवारी यायचा. दर गुरुवारी म्हणजे शुक्रवारी, कधी शनिवारी. तो यायचा, पाणी त्याच विहिरीत ओतायचा, आणि बायका पोहऱ्यानं ते शेंदून घ्यायच्या. त्या दिवशी गुरुवार होता, आणि सबंध दुष्काळात पहिल्यांदा टँकर गुरुवारी आला. सकाळी दहाला. ड्रायव्हरनं नळकांडं विहिरीच्या काठाला लावलं आणि कॉक फिरवायला गेला.

"थांब! थांब! पानी सोडू नको!" मल्लिनाथ धोतराचा सोगा हातात धरून पळत आला.

विहिरीभोवती साठ घागरी आणि साठ बायका. आठ दिवस वाट बघून आलेलं पाणी एक माणूस सोडू नको म्हणतो, हे त्यांनी ऐकलं आणि घागरी खाली ठेवल्या. मग चांगुणा नावाची एक उंच बाई पुढं आली.

"का वो शेक्रेटरी? सोडू नको म्हंजे?"

"आत केक हाय."

"काय हाय?"

"केक... गोड पदार्थ. दुमजली."

"ह्याच्या गोडाच्या नावानं! लेकरं घसा कोरडा करून बसल्यात अन् ह्यो इहिरीत गोडधोड लपवतो?" साठ बायका एकदम बोलू लागल्या. त्यांत मल्लिनाथच्या सात पिढ्यांची माहिती त्याला नव्यानं मिळाली. ड्रायव्हर म्हणाला, "मला पुढं दोन गावं हायत." आणि त्यानं कॉक फिरवला.

लिंबाजीनं सोल ओढायला आणि पाणी पडायला एकच गाठ पडली. पाटी गरगर फिरत, धारेखालून एकदा जाऊन, वर आली. जोडा शाबूत. पण एका बाजूचा गिलावा धुऊन गेला होता आणि आतली तपकिरी माती दिसावी तसा केक दिसत होता. चांगुणाबाईनं पाटीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "येवढ्यासाठी?" हे दोन शब्द मल्लिनाथला सात पिढ्यांपेक्षा जास्त लागले.

"भित्तीकडं करू ती बाजू," लिंबाजी म्हणाला. "पलटणीत पाहुणे पुढनंच बघत्यात."

केक देव्हाऱ्यापुढच्या पाटावर, पडकी बाजू भिंतीकडं करून ठेवला. शिवकांतेनं पोरीला नवं झबलं घातलं. तिनं केकाकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "झालाय खरं. देखणा झालाय." आठ दिवसांत ऐकलेलं पहिलं बरं वाक्य. मल्लिनाथचे डोळे भरून यायच्या बेतात होते, तेवढ्यात अंगणातून तुळजाबाईंचा आवाज आला. सासूबाई फाट्यावर उतरून घरापर्यंत येईतो ओरडतच आल्या होत्या.

"कुठाय त्यो? दोन वर्सांच्या लेकराचं लगीन लावतो व्हय? फाट्यावर च्यावाला इचारतो, नातीच्या लग्नाला आलाव का आजी, नवरा ठरला का! म्या म्हणते, कसला नवरा? त्यो म्हणतो, कचेरीच्या फळ्यावर लागलंय!" त्यांनी महानंदेला शिवकांतेच्या कडेवरून हिसकून छातीशी धरलं. "लेकराला सोलापूरला नेते म्या. पोरगीलाबी नेते. ऱ्हा तू एकला तुज्या साखरंसंगं!"

सासूनं जावयाला 'तू' म्हणणं ही आमच्याकडं भूकंपाच्या बरोबरीची गोष्ट. मल्लिनाथ 'अव्वा, फारम' एवढंच म्हणू शकला, कारण दारात धुळाप्पा हवालदार उभा होता. काखेत काठी, हातात कागद.

धुळाप्पा वाईट माणूस नव्हता. फक्त कायदा त्याला नुकताच पाठ झाला होता. "मल्लिनाथराव, परवान्यात लिवलंय, नवरी महानंदा, वय दोन. शारदा कायदा म्हाइत हाय का? बालविवाह. नोकरी जाईल, वर आत बसाल."

"हवालदारसाहेब, लग्न न्हाय वो! वाढदिवस हाय. हे बघा, केक!"

धुळाप्पानं केकाकडं बघितलं. जवळ गेला. वाकला. "वर नवरा-नवरी दिसत्यात."

"ते... ते लिंबाजीला तेवढंच येतं म्हणून!"

"म्हंजे लग्न न्हाय, असं तुमचं म्हणणं?"

"न्हाय, आईशप्पत न्हाय!"

"मग लग्नाच्या नावावर साखर उचलली कशी?" धुळाप्पानं कागद उलटा केला. "दुष्काळात खोटं कारण दावून साखर. हे तर त्याच्याहून वाईट. सोसायटीच्या सेक्रेटरीनं! लग्न असंल तर एक कलम, नसंल तर दुसरं. तुमीच सांगा, कोणतं लावू?"

मल्लिनाथनं केकाकडं बघितलं. बारा वर्षांची नोकरी, गावातली इज्जत, बायको, लेकरू, सगळं त्या पाटावर पांढरं होऊन वितळत होतं. ओट्यावर तोवर अर्धं गाव जमलेलं. जाईबाई म्हणाली, "म्या म्हणत व्हते, धपाटं कर." लिंबाजी सावधानमध्ये उभा.

तुळजाबाईंनी जावयाकडं बघितलं. नातीचा बाप, खाली मान घालून, कोपरापर्यंत हात गिलाव्यानं माखलेले. त्यांनी महानंदेला शिवकांतेकडं दिलं, पदर खोचला आणि हवालदारापुढं उभ्या राहिल्या.

"लगीनच हाय," त्या म्हणाल्या.

"अव्वा!" मल्लिनाथ किंचाळला.

"गप ऱ्हावा तुमी, जावईबापू. हवालदार, मिरीग लागून तीन दिस झाले, आभाळात ढग हाय का एक? न्हाय. पाऊस पडंना झाला की आमी काय करताव? भावला-भावलीचं लगीन लावताव. तुज्या आईनं लावलं नसंल व्हय कवा? पावसाचं लगीन हाय हे. ही नवरी, ह्यो नवरा." त्यांनी केकाच्या माथ्याकडं बोट केलं.

धुळाप्पाच्या आईनं लावलं होतं. तो विचारात पडला. "पर नवरीचं नाव महानंदा लिवलंय."

"तिचं नावच महानंदा. लेकराच्या भावलीला लेकराचंच नाव ठेवताव आमी."

"वय दोन?"

"घडवून दोन दिस झाले," लिंबाजी सावधानमधूनच म्हणाला. "म्या घडवलीय. गवाही द्यायला तयार."

"अन् नवरदेव ठरायचा आहे, असं लिवलंय."

"काल ठरला," तुळजाबाई म्हणाल्या.

धुळाप्पानं कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसू लागली, कारण दोन कलमांत सापडलेला हवालदारही सुखी नसतो. "मग लागू द्या," तो म्हणाला आणि टोपी नीट करून भिंतीशी उभा राहिला. "माझ्या डोळ्यादेखत लागू द्या. म्हंजे मला लिवता येईल, लग्न झालं, साखर कारणी लागली."

बघता बघता वाढदिवसाचं लग्न झालं. नवरीकडचं कोण, नवरदेवाकडचं कोण हा प्रश्न निघाला, तेव्हा लिंबाजी म्हणाला, "नवरदेव माझा. म्या वरबाप." कुणीतरी घसा खाकरला. लिंबाजीनं मिशीवरून हात फिरवला. "जात इचारायची असंल तर इचारा. दोघंबी एकाच पोत्यातल्या साखरंचं हायत."

तुळजाबाईंनी खाकरणाऱ्याकडं असं बघितलं की त्याचा खोकला कायमचा बरा झाला. मग त्यांनी स्वतः लिंबाजीच्या कपाळाला गंध लावलं. "या ईवाय, बसा," त्या म्हणाल्या. व्याह्याला टॉवेल-टोपी पाहिजे, म्हणून मल्लिनाथचा नवा टॉवेल गेला. टोपी डोक्यावरची गेली. बोटभर नवरा-नवरीमध्ये धरायला आंतरपाट म्हणून त्याचाच हातरुमाल गेला. मल्लिनाथ सोसत राहिला. वधूपित्याला दुसरा धंदा नसतो.

अक्षता मात्र घरात नव्हत्या. तांदूळ डोळ्यांनी बघून चार महिने झालेले. "मिलो आन," जाईबाई म्हणाली. आणि खरंच, कुंकवात रंगवायचीही गरज पडली नाही. ती ज्वारी मुळातच तांबडी. ओट्यावर, अंगणात, रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मुठीत रेशनचा मिलो आला. तुळजाबाईंनी खड्या आवाजात मंगलाष्टक सुरू केलं.

"आवो, केकावर न्हाय! बाजूनं टाका! बाजूनं!" मल्लिनाथ दोन्ही हात पसरून केकापुढं उभा राहिला. त्याला कुणी ऐकलं नाही. पहिल्या 'सावधान'ला गावानं मुठी सोडल्या. वनस्पती तूप उन्हानं मऊ झालेलं. एकेक दाणा पडला तो आत रुतला. दुसऱ्या 'सावधान'ला वेलबुट्टी दिसेनाशी झाली. पाऊस पाहिजे म्हणून लोकांनी हात आखडता घेतला नाही. शेवटच्या 'सावधान'ला केक तांबडा झाला होता, आणि चांगुणाबाई, जी सकाळी सात पिढ्या उद्धारून गेली होती, ती बाहेरून ओरडत होती, "आजून टाका, आजून टाका, ढग येऊ द्या!"

धुळाप्पानं लिहून घेतलं आणि सही केली. मग जोडा वाजतगाजत लिंबाजीच्या घरी निघाला, नवरी सासरी नको का जायला? जाताना रीतीप्रमाणं शिदोरी म्हणून वरचा सबंध मजला बरोबर गेला. खालच्या मजल्याचे मल्लिनाथनं तुकडे केले. पोरीचा हात सुरीला लावून पहिला काप घ्यायचा होता, पण ती केव्हाच शिवकांतेच्या खांद्यावर झोपली होती. वऱ्हाड सत्तर माणसांचं निघालं, आणि मल्लिनाथच्या वाट्याला चाकू चाटण्यापुरतं आलं.

पण एक तुकडा त्यानं ताटलीत घालून तुळजाबाईंपुढं ठेवला आणि हात जोडून उभा राहिला. गावाचं तिकडं लक्ष नव्हतं. शिवकांतेचं होतं. तुळजाबाईंनी तुकडा हुंगला. डोळे मिटून लिंगाला हात लावला आणि तोंडात घातला. बराच वेळ चावत होत्या. मधे कटकन आवाज झाला, त्यांनी दाढेला हात लावला, पण चावणं थांबवलं नाही. ताटली रिकामी केली.

"अंडं न्हाय," त्या म्हणाल्या. मग पाटावर उरलेला शेवटचा तुकडा त्यांनी पदराच्या टोकात बांधला. "महारुद्राला दावते. त्यालाबी कळू दे, माझ्या धाकल्या जावयानं काय केलंय."

शिवकांता हसली. या खेपेला पदराआड नाही. मल्लिनाथ त्या रात्री चटईवर पडला तो पालथा, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा घोरला.

बरोबर आठ दिवसांनी सोलापूरहून पोस्टकार्ड आलं. महारुद्रप्पाचं अक्षर. 'ति. अव्वांनी केक दिला. अव्वा चार घरांत सांगत सुटल्या आहेत, तेव्हा खोटं कशाला बोला, बिनअंड्याचा असूनही चवीला बरा आहे. फक्त ज्वारी कच्ची राहिली. आमच्या सौ.चा दात हलतो आहे. कळावे.'

मल्लिनाथनं ते पत्र तीनदा वाचलं. लगेच दौत ओढली, कोरं कार्ड घेतलं आणि लिहायला बसला. 'केकात ज्वारी नव्हती' असं लिहिलं. मग ती आली कुठून, हे सांगायला लग्न सांगणं आलं. लग्न सांगायचं तर हवालदार सांगणं आलं. हवालदार सांगायचा तर फॉर्म, फॉर्म सांगायचा तर श्रीपतराव, आणि तिथवर येता येता कार्डाची एक बाजू भरून पत्त्याच्या जागेत शाई शिरली. त्यानं ते फाडलं. दुसरं घेतलं. तेही फाडलं. शिवकांता चुलीपाशी बसून बघत होती.

तिसऱ्या कार्डावर मल्लिनाथनं थोडक्यात लिहिलं: 'पत्र पोचलं. सूचना योग्य आहे. पुढच्या खेपेस ज्वारी आधी शिजवून घेऊ.'